बसलेल्या माणसाचा कोट

टेपमामांच्या गळ्यात माप घ्यायची टेप नाही असं मी एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांना सणकून ताप होता. तरीही नाडी बघायला आलेल्या डॉक्टरांना ते अर्धवट ग्लानीत म्हणाले, "डॉक्टर, तुमचा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब आहे. कोट शिवायला टाकाल तेव्हा सांगत जा." डॉक्टर घरी जाऊन आरशासमोर उभे राहिले म्हणे. तेव्हापासून ते उजवा हात खिशात घालून फिरतात.

टेपमामा माझे सख्खे मामा. धंद्याने शिंपी. दुकान नगरपालिकेच्या इमारतीत, मुख्य जिन्याच्या पोटात. जिना जसा खाली उतरतो तसं दुकानाचं छतही उतरतं, त्यामुळे मशीन कोपऱ्यात, मशीनमागे मामा वाकलेले आणि गिऱ्हाईक दाराशी, अशी व्यवस्था. गिऱ्हाईक उंच असलं तर त्याचं माप फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या साक्षीने. छाती किती, पोट किती, हे मामा मोठ्याने पुकारत. कित्येकांनी केवळ त्या धास्तीने पोट कमी केलं. दिवसभर डोक्यावर साहेब, कारकून आणि तक्रारदार यांच्या पायांची धडधड चाले. "गावाचा सगळा कारभार माझ्या डोक्यावरून जातो," मामा म्हणत, "म्हणून मला त्यातलं काही कळत नाही."

त्यांना कळे ते एकच. त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं की कपडा अंगावर बसला पाहिजे आणि अंगाचा दोष कपड्यात लपला पाहिजे. हे वाक्य मामांनी असं काही रक्तात मुरवलं होतं की घरातल्या उशीचा अभ्राही ते उशीला ट्रायल घालून मगच शिवत. मामी म्हणायची, "यांनी सैल सोडलेली गोष्ट एकच. जीभ."

त्याच उस्तादांचा दुसरा शिष्य रस्त्याच्या पलीकडे दुकान थाटून बसला होता. त्याला सगळे ऐसपैस म्हणत, कारण तो सगळंच वाढत्या अंगाचं शिवी. त्याच्याकडे शिवलेल्या सदऱ्यात एक माणूस आणि त्याच्या आशा आरामात मावत. मामा आणि ऐसपैस यांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. मामांच्या मते ऐसपैस कपडे शिवत नव्हता, तंबू ठोकत होता.

आता पुतळ्याचं सांगतो.

बागेच्या तोंडाशी एक चौथरा बरीच वर्षं रिकामा होता. त्यावर 'नागरिक' या विषयावर काहीतरी करा, असं नगरपालिकेने एका शिल्पकार बाईंना सांगितलं. बाईंनी ब्राँझचा एक बसलेला माणूस केला. लांबून पाहिलं तर खुर्चीत बसलेला साधा माणूस. जवळ गेल्यावर दिसे की खुर्चीच्या पायांना मुळं फुटली आहेत, ती चौथऱ्यात शिरली आहेत, आणि माणूस नेमका कुठे संपतो आणि खुर्ची कुठे सुरू होते हे काही केल्या समजत नाही. चेहरा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. उद्घाटन केलं नगराध्यक्ष साहेबांनी. भाषण आधीच लिहून आणलेलं असल्यामुळे त्यांना पुतळ्याकडे बघायची गरज पडली नाही. "हे स्थैर्याचं प्रतीक आहे," असं म्हणून ते निघून गेले.

पुढे सगळं छान चाललं होतं. पोरं पुतळ्याच्या मांडीवर चढत, म्हातारे त्याच्या सावलीत बसत. मामीला त्यात तिचे थोरले दीर दिसत, जे जेवायला बसले की उठत नाहीत. पण एका पेपरने पुतळ्याचा फोटो छापला आणि खाली एकच ओळ दिली : 'हे कोण बरं?' आमचे साहेब त्या खुर्चीत इतकी वर्षं होते की शाळेतली मुलं 'नगराध्यक्ष' हे त्यांचं आडनाव समजत. त्यात निवडणूक तोंडावर. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं, साहेबांना रातोरात त्या गोट्यासारख्या चेहऱ्यात स्वतःचं नाक दिसायला लागलं.

पुतळा हलवावा तर उद्घाटन स्वतःच केलेलं. तोडावा तर 'का तोडला?' याचं उत्तर द्यावं लागणार. शेवटी बागेवर पाटी लागली : 'देखभालीसाठी पुतळा झाकण्यात येत आहे.' आणि त्याच्यावर ताडपत्री टाकली. पण आमच्याकडचा वारा विरोधी पक्षाचा. झुळूक आली की ताडपत्री उडे आणि कधी गुडघा, कधी कोपर दिसे. उघडा होता तेव्हा ज्याच्या गुडघ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याच्या त्याच गुडघ्यासाठी आता माणसं ताटकळत उभी राहू लागली. चहावाल्याने गाडी तिकडे हलवली.

तेव्हा उद्यान अधिकारी जिना उतरून मामांच्या दुकानात वाकले.

"मास्तर, एक झाकण शिवायचंय."

"कशाचं?"

"एका बसलेल्या माणसाचं."

"बसलेल्याचं माप मी घेत नाही. पोट फसवतं. उभं राहायला सांगा त्याला."

"तो उठत नाही."

"आजारी आहे का?"

"ब्राँझचा आहे."

मामांनी चष्म्यावरून बघितलं. "मग निदान माप घेताना हलणार तरी नाही," ते म्हणाले आणि टेप सावरत निघाले.

तो सोहळा मी स्वतः पाहिला. मामा स्टुलावर चढले आणि सवयीने गिऱ्हाइकाशी बोलायला लागले. "अंग सैल सोडा. हां. श्वास धरू नका, पोट नंतर बाहेर येतंच." अधिकारी आजूबाजूला बघत घसा खाकरत होते. मामांनी खांदे मापले, पुन्हा मापले आणि खाली वाकून म्हणाले, "दोन्ही खांदे एका रेषेत! असा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला. काय शिवावं तेवढं थोडं आहे याला."

कापड कार्यालयाने दिलं. राखाडी, जाड, चांगलं. मामांनी जमिनीवर पसरलं, खडूने रेघा मारल्या आणि कात्री अशी चालवली की मामीला संशय आला.

"अहो, झाकण शिवताय ना? मग बाह्या कशाला?"

"हात आहेत त्याला. हात असलेल्या माणसाला बाही नको?"

"आणि काजं?"

"घालायचं-काढायचं कसं? देखभाल आहे ना!"

"बरं बाई. खिसा तरी नका लावू."

"समोर फार मोकळं दिसतं गं," मामा म्हणाले आणि त्यांनी खिसा लावला. डोक्यासाठी त्यांनी वेगळं टोपडं शिवलं, त्यात नाकाला जागा ठेवून. "ब्राँझचा असला म्हणून काय झालं," असं त्यांचं म्हणणं.

सकाळी बागेत जाऊन मामांनी ते पुतळ्याला स्वतः घातलं, बटणं लावली, पाठीवरून हात फिरवला आणि चार पावलं मागे येऊन बघितलं. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तिथून एक कारकून सायकलवरून चालला होता. त्याने पुतळा पाहिला, सायकल थांबवली, खाली उतरला, अदबीने मान झुकवली आणि म्हणाला, "साहेब, आज इतक्या लवकर?"

मामांनी पुन्हा पुतळ्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी बसले.

झालं होतं असं. साहेबांचे कोट पहिल्यापासून मामाच शिवत, आणि ते कायम राखाडी असत. साहेबांचा डावा खांदा उतरता. उस्तादांच्या शिकवणीप्रमाणे मामा त्यात कापसाची एक छोटी गादी भरत. ती पहिल्या कोटातच थोडी सढळ पडली होती, त्यामुळे साहेबांचा डावा खांदा कायम किंचित वर असे, जणू कुणी काही विचारलं तर 'मला काय ठाऊक' असं म्हणायच्या बेतात आहेत. गावाला तो साहेबांचा स्वभाव वाटे. होता मामांचा कापूस. पोट लपवायला दुसरं बटण थोडं वर आणि खिसा थोडा तिरका, हेही ठरलेलं. राखाडी कापड हातात आल्यावर मामांच्या हातांनी मामांना न विचारता तेच सगळं करून टाकलं होतं. बटण वर, खिसा तिरका आणि त्या सरळ खांद्याच्या भाग्यवान पुतळ्याच्या डाव्या खांद्यात गादी!

म्हणजे उघडा पुतळा कुणासारखाच दिसत नव्हता. झाकल्यावर मात्र तो साहेब झाला.

दुपारपर्यंत अख्खं गाव बागेत लोटलं. लोक पुतळ्याला प्रश्न विचारू लागले. "साहेब, आमच्या गल्लीत पाणी कधी येणार?" आणि तो खांदा जे उत्तर द्यायचं ते देई. एक म्हातारी तर म्हणाली, "वरच्या मजल्यावरचा भेटतच नाही. हा निदान ऐकून तरी घेतो." तिने आपला अर्ज घडी करून पुतळ्याच्या खिशात ठेवला. संध्याकाळी खिसा इतका फुगला की कोटाची बैठक बिघडतेय म्हणून मामाच कासावीस झाले.

शिल्पकार बाईही आल्या. बोटांना माती लागलेली, चेहरा रागाने लाल. झाकलेला पुतळा पाहून त्या कठड्याला धरून इतक्या हसल्या की मामांनी त्यांना पाणी आणून दिलं.

"मास्तर, वर्षभर मी खपले," त्या म्हणाल्या, "आणि मुद्दाम कुणाचाच चेहरा दिला नाही. म्हटलं, ज्याला वाटेल त्याने स्वतःला बघावं. आणि तुम्ही तोंड झाकून चेहरा दिलात!"

"बाई, गादी चुकून गेली हो," मामा म्हणाले. "पण मागची शिलाई बघितलीत का?"

दुसऱ्या दिवशी मामांना वर बोलावणं आलं. इतकी वर्षं जिन्याखाली काढून मामा जिना चढले ते फार थोड्या वेळा. साहेब खुर्चीत बसले होते, अंगात तोच कोट, बाजूला उद्यान अधिकारी.

"मास्तर," साहेब म्हणाले, "तो मी आहे का?"

"छे छे, साहेब! मी स्वतः मापलाय ना. त्याचे खांदे सरळ आहेत. तुमचा डावा पार उतरलेला आहे. पोटाचं तर नावच काढू नका."

अधिकारी खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांचा डावा खांदा जागेवरच राहिला, कारण त्याला दुसरं काही करता येत नव्हतं.

"हे बघा," साहेब हळू आवाजात म्हणाले, "सोमवारपर्यंत मला असं झाकण पाहिजे की जे कुणालाच बसणार नाही. माझ्यासारखं नको, तुमच्यासारखं नको, माणसासारखंच नको. जमत नसेल तर दुकानाची किल्ली यांच्याकडे द्या. जिन्याखाली झाडू ठेवायला जागा हवीच आहे."

मामा खाली आले आणि मशीनवर डोकं टेकून बसले. जिन्याखालची ती वाकडी खोली गेली तर त्यांच्याकडे काहीच उरणार नव्हतं. पण न बसणारा कपडा शिवायचा म्हणजे काय हेच त्यांना कळेना. तरी त्यांनी प्रयत्न केला. सरळ पोतं शिवायला घेतलं. दोन कापडं, तीन शिलाया, डोळे मिटून. डोळे उघडले तर पोत्याला कंबर आलेली. पुन्हा उसवलं, पुन्हा शिवलं, तर खाली घेर असा सुंदर पडला की मामीने ते सहज अंगात घालून पाहिलं आणि आरशासमोरून हलेचना.

"अहो, यात मी बारीक दिसते!"

"काढ ते!"

"मुळीच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज कुठे तुम्ही माझ्यासाठी काही शिवलंत."

ते पोतं मामीकडेच राहिलं. अजून ती ते ठेवणीतलं म्हणून वापरते.

रविवार उजाडला तशी मामी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता सरळ पलीकडे जा."

"कुणाकडे?"

"गावात न बसणारे कपडे कोण शिवतं?"

"मी त्या तंबूवाल्याच्या पायऱ्या चढणार नाही."

"मग किल्ली द्या, झाडूला जागा होईल. आणि शिलाई मशीन माझ्या स्वयंपाकघरात आणायचं नाही, सांगून ठेवते. तिथे ओट्याला गादी लावाल."

मामा रस्ता ओलांडून गेले, मागोमाग मीही. रस्ता अरुंदच, पण त्यांना बराच वेळ लागला. ऐसपैस दारातच उभा होता. गावातल्या सगळ्या बातम्या त्याच्याकडे मामांच्या आधी पोचत.

"ये ये," तो म्हणाला. "गळ्यातला साप घरी ठेवून यायचास."

"टोमणे नंतर मार. एक काम आहे. तू नेहमी शिवतोस तसं एक शिवून दे."

"तसं म्हणजे कसं?"

मामा टेपचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "ढगळ."

ऐसपैसचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग चक्क उतरला. "तू इतकी वर्षं हेच समजलास काय रे? मी ढगळ शिवतो ते माणसाला. माणूस वाढतो. पोराचं अंग भरतं, बाई पोटुशी राहते, म्हातारा सुनेच्या हातचं खाऊन गुटगुटीत होतो. मी त्यांच्यासाठी जागा ठेवतो. पुतळा कुठे वाढतोय? जो वाढणारच नाही त्याला मी जागा कशाला ठेवू? मी असलं काही शिवत नाही."

 समोरच्या माणसाला तत्त्व असेल अशी शंका मामांना कधीच आली नव्हती. ते बाकावर बसले. ऐसपैसने चहा सांगितला. चहा निम्मा झाल्यावर मामा म्हणाले, "माझं दुकान जातंय रे."

ऐसपैस कप खाली ठेवून उठला. "कापड काढ. निम्मं तू बेत, निम्मं मी. तुझं माझ्याशी जुळणार नाही, माझं तुझ्याशी जुळणार नाही. त्याच्याइतकं न बसणारं जगात दुसरं काय असणार?"

मग जे भांडण झालं ते मी बाकावर बसून ऐकलं.

"अरे, बाहीचा मोंढा एवढा खोल? यातून बैल बाहेर येईल!"

"आणि तुझ्यातून माशी आत जायची नाही! सोड ती टाचणी!"

"उस्ताद असते तर तुझ्या पाठीत मापाचा गज घातला असता."

"घालतच होते. तुझ्या चुकांसाठी पण मलाच घालत होते, मूर्खा! तू तोंड असं करून उभा राहायचास की तुझ्यावर कुणाला संशयच यायचा नाही!"

मामा हसले. मला वाटतं, त्या आठवड्यात त्यांना हसताना कुणी पहिल्यांदाच पाहिलं. मग दोघंही इतके हसले की शिलाई आणखीच वाकडी गेली.

जे तयार झालं त्याला नाव नाही. उजवी बाजू अंगासरशी, डावी फुगलेली. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी जमिनीपर्यंत. गळा कानाकडे निघालेला. सोमवारी ते पुतळ्यावर चढवलं तेव्हा उद्यान अधिकाऱ्यांनी चहूबाजूंनी फिरून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "हे कुणीच नाही. पास." किल्ली मामांच्या खिशातच राहिली.

फक्त एक तिढा राहिला. शिवलेल्या कपड्याच्या गळ्यात आतून दुकानाच्या नावाची पट्टी लावायची ही उस्तादांपासूनची पद्धत.

"तुझी लाव," मामा म्हणाले.

"काम तुझं, दुकान तुझं. तुझीच."

"गळा तू कापलायस!"

"कापला मी, शिवलास तू!"

चौथऱ्यावर दोन पिकलेली माणसं एकमेकांच्या खिशात पट्ट्या कोंबत होती आणि खाली कुणी थांबूनही बघत नव्हतं. शेवटी तो कपडा बिननावाचाच राहिला. शिल्पकार बाई आल्या, खूप वेळ उभ्या राहिल्या आणि न हसताच गेल्या. त्या वेळी मामांनी मागची शिलाई बघायला सांगितलं नाही.

गर्दी ओसरली. चहावाला गाडी घेऊन जुन्या जागी गेला. तरी खबरदारी म्हणून पुतळ्यापाशी एक पोलीस बसवला होता. तो बिचारा जांभया देत उभा असे. मामांचा दुकानाचा रस्ता बागेवरूनच. पहिले काही दिवस ते मान फिरवून जात. मामी रोज बजावत असे, "तिकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही. किल्ली आठवा."

एका सकाळी मी त्यांच्याबरोबर होतो. मामांचे पाय बागेपाशी आपोआप थांबले. त्यांनी वर बघितलं. हात टेपकडे गेला.

"मास्तर," पोलीस म्हणाला, "लांब राहायचं."

"हात लावत नाही हो. फक्त ती गळ्याची दुमड आत घेतली, एवढीशी, तर..."

"तर?"

"तर माणूस दिसेल."

"तेच तर नकोय ना वरच्यांना," पोलीस समजुतीने म्हणाला.

 मामांनी खिशात किल्ली चाचपली. मी त्यांचा हात धरून निघणार तेवढ्यात त्यांची नजर पोलिसावर पडली. वर्दीच्या बाह्या बोटांवर आलेल्या, पट्ट्याच्या वर शर्टाचा फुगा, खांद्याची शिवण दंडावर घसरलेली.

"ही कुणी शिवली?"

"गठ्ठ्याने येतात. मिळेल ती घालायची."

"हात वर करा."

पोलिसाने हुकमाच्या सवयीने दोन्ही हात वर केले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्या चौथऱ्यापाशी माणसं थांबली. कुणीतरी मामांचं नाव घेतलं, कुणीतरी "अरे, पोलिसालाच धरलं!" असं ओरडलं. मामांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते टेप पोलिसाच्या छातीभोवती फिरवून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा पुकारत होते, आणि तो लाजून हळू म्हणत होता, "मास्तर, पोटाचा जरा हळू सांगा हो, घरची मंडळी बाजारातच असतात."